स्टेंट बसला, रिपोर्ट चांगला आला, तरी सासरे सोप्यातून उठत नाहीत

खानापूर तालुक्यातल्या एका सुनेनं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. सासरे ६१ वर्षांचे, भातशेती करणारे, गावच्या भजनात पखवाज वाजवणारे. चार महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक आला, बेळगावात अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. हृदयाचं पंपिंग ४५ टक्के आहे. मागच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, "सगळं ठीक आहे, आता हिंडा-फिरा." पण ते सोप्यातल्या कॉटवरून हलत नाहीत. भजन बंद, शेताकडे फिरकणं बंद, रात्री दोन-तीनदा सगळ्यांना उठवून नाडी बघायला लावतात. नवऱ्यानं मोबाईलवर काहीतरी बघून त्यांना 'कृतज्ञतेची वही' (रोज कशाकशाबद्दल आभार वाटतात ते लिहायची) आणून दिली, ती त्यांनी कोनाड्यात टाकून दिली. सकारात्मक मानसशास्त्राचा अशा माणसाला खरंच उपयोग होतो का, आणि होत असेल तर घरच्यांनी नेमकं काय करायचं? शिवाय ते मधूनच "यंदा दिंडी चुकली" म्हणतात, त्यावर काय बोलावं तेही कळत नाही.

ताई, मी बेळगावात हृदयरुग्णांच्या पुनर्वसनात समुपदेशनाचं काम करते. वही कोनाड्यातच राहू द्या. उपयोग होतो, पण तुमच्या घरात आत्ता जे चाललंय त्या पद्धतीनं नाही. आणि त्याआधी एक गोष्ट तपासून घ्यावी लागेल.

हार्ट अटॅकनंतर साधारण पाचात एका रुग्णाला औषधोपचार लागावा इतकं नैराश्य येतं, आणि त्याहून सौम्य उदासी आणखी बऱ्याच जणांना असते. १९९३ मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी दाखवलं की अटॅकनंतर नैराश्य असलेल्यांमध्ये पुढच्या सहा महिन्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. त्यानंतर यावर इतकं काम झालं की २०१४ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननं नैराश्याला अशा रुग्णांसाठी धोक्याचा घटक मानावं अशी शिफारस केली. आपल्याकडची अडचण अशी की आपली माणसं "मी उदास आहे" असं म्हणतच नाहीत. ती म्हणतात, अंगात ताकद नाही, डोकं जड झालंय, करमत नाही, जीव घाबरा होतो. मग घरचे टॉनिक आणतात.

म्हणून शांत वेळ बघून त्यांना दोन प्रश्न विचारा, शक्यतो तुमच्या नवऱ्यानं किंवा सासूबाईंनी. गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन लागत नाही असं किती दिवस झालं? उदास, निराश वाटतंय असं किती दिवस? निम्म्याहून जास्त दिवस असं उत्तर आलं तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका, डॉक्टरांना कळवा. "त्या रात्रीच गेलो असतो तर बरं झालं असतं" असं कधी म्हणाले असतील तर तेही विचारा, सरळ विचारा: जीव द्यावा असं मनात येतं का? विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. उत्तर हो आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि तोवर त्यांना एकटं सोडू नका. शेतकऱ्याच्या घरात फवारणीचं औषध असतंच, ते आजच त्यांच्या हाताशी येणार नाही अशा जागी, कुलपात ठेवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. कर्नाटक सरकारच्या मनोचैतन्य कार्यक्रमाखाली तालुका रुग्णालयात ठरावीक दिवशी मानसोपचाराची ओपीडी असते, खानापुरात कुठल्या दिवशी ते विचारून घ्या. हृदयाच्या गोळ्यांबरोबर नैराश्याची गोळी चालेल का, ही शंका येणारच. सर्ट्रालिन नावाचं औषध अटॅकनंतरच्या रुग्णांवर तपासलं गेलं आणि २००२ मध्ये ते हृदयाला सुरक्षित असल्याचं आढळलं. तरी कुठली गोळी, किती, हे डॉक्टर ठरवतील.

गळाठ्याला कधी गोळीही कारण असते. नाडीचे ठोके कमी करणाऱ्या औषधानं सुरुवातीला काहींना थकवा येतो. रक्त कमी असणं, थायरॉईड, साखर हेही तपासायला सांगा. पण एकही गोळी मनानं बंद करायची नाही. विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या, त्या साधारण वर्षभर तरी चालतात, आणि मध्येच सोडल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.

एवढं झालं की तुमचा मूळ प्रश्न.

मानसशास्त्र बराच काळ माणसाचं काय बिघडलंय हेच शोधत होतं. १९९८ मध्ये मार्टिन सेलिग्मन अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी उलटा प्रश्न लावून धरला: माणसात काय शाबूत आहे, आणि त्यावर काय उभं करता येईल? सकारात्मक मानसशास्त्र म्हणजे एवढंच. 'चांगला विचार करा, चांगलंच होईल' हे त्यात कुठेही नाही. तुमच्याकडे भेटायला येणारे पाहुणे जे सांगतात, "अण्णा, टेन्शन घ्यायचं नाही बघा, पॉझिटिव्ह राहायचं," त्यानं माझ्या अनुभवात रुग्णाचं नुकसानच होतं. एक तर भीती बोलून दाखवायची सोय जाते. दुसरं, पाहुणा उठून गेल्यावर रुग्णाच्या मनात राहतं की मी टेन्शन घेतलं म्हणून अटॅक आला, आणि आताही घेतोय म्हणजे पुन्हा येणार. मनाचा ताण हे अटॅकच्या कारणांपैकी एक आहेच. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५२ देशांच्या इंटरहार्ट अभ्यासात ते दिसलं. पण त्याच यादीत तंबाखू, रक्तदाब, साखर, चरबी, पोटाचा घेर हेही होतं. सगळं खापर स्वभावावर फोडू नका, आणि घरात तंबाखू-मिशरी अजून चालू असेल तर आधी तिकडे बघा.

हृदयरुग्णांबाबत या विषयावर सर्वांत चिकाटीनं काम केलंय ते बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या जेफ हफमन यांच्या गटानं. २०१६ च्या त्यांच्या एका अभ्यासातली गोष्ट तुमच्या वहीशी थेट जोडलेली आहे. अटॅक किंवा तशा त्रासातून नुकत्याच उठलेल्या रुग्णांचा आशावाद आणि कृतज्ञता त्यांनी दोन आठवड्यांनी मोजली आणि मग सहा महिने त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांचा आशावाद जास्त, ते सहा महिन्यांनी जास्त चालत-फिरत होते, आणि हृदयाच्या तक्रारीसाठी पुन्हा दवाखान्यात भरती होण्याची वेळ त्यांच्यावर कमी आली. कृतज्ञतेचा मात्र या दोन्हींशी तसा संबंध दिसला नाही. म्हणजे तुमच्या नवऱ्यानं नेमकं कमी कामाचं हत्यार निवडलं! (त्यांना हे सांगताना जरा जपून सांगा, त्यांची तळमळ खरी आहे.)

आशावादाबद्दल २०१९ मध्ये १५ अभ्यास एकत्र करून, सव्वादोन लाखांहून जास्त लोकांची माहिती तपासली गेली. आशावादी लोकांत हृदयविकाराचे झटके आणि तशा घटनांचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी आढळला. आकडा मोठा आहे, पण त्याचा अर्थ जपून लावायचा. आशावादी माणसं मुळातच जास्त चालतात, गोळ्या वेळेवर घेतात, विडी सोडतात. नुसत्या मनाला बरं वाटण्यानं हृदय वाचतं असं यावरून म्हणता येत नाही. २००३ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत अटॅकनंतरच्या नैराश्यावर समुपदेशन केलं गेलं. उदासी कमी झाली, पण मृत्यू आणि पुन्हा येणारे झटके कमी झाले नाहीत. म्हणून मी कुठल्याही घरच्यांना 'मन आनंदी ठेवा, ब्लॉकेज जाईल' असलं काही सांगत नाही. माझ्या लेखी या पद्धतीचा उपयोग एका वाटेनं होतो: मनाला थोडी उभारी येते, त्या उभारीवर माणूस पाय उचलतो, आणि पाय उचलल्याचा फायदा हृदयाला मिळतो. २०१२ ची एक चाचणी हेच दाखवते. अँजिओप्लास्टी झालेल्या रुग्णांच्या एका गटाला नुसती माहिती आणि चालण्याचं उद्दिष्ट दिलं. दुसऱ्या गटाला त्याबरोबर रोज छोट्या आनंदाच्या गोष्टींकडे लक्ष द्यायला आणि अडचण आली की आपण आधी अभिमान वाटावा असं काय केलंय ते आठवायला सांगितलं. वर्षभरानं हालचालीचं उद्दिष्ट गाठलेले पहिल्या गटात सुमारे ३७ टक्के होते, दुसऱ्यात सुमारे ५५.

तेव्हा सासऱ्यांचा चेहरा हसरा झाला का हे बघत बसू नका. पाय कुठवर गेले ते बघा.

आता घरात काय करायचं. सगळ्यात आधी, तुम्ही प्रेमानं त्यांच्याकडून काय काय काढून घेतलंय ते आठवा. अटॅक आलेल्या माणसाच्या घरी हे ठरलेलं असतं. "तुम्ही बसा, आम्ही करतो." गाईची धार मुलानं काढायची, डेअरीला दूध नातवानं न्यायचं, बँकेच्या पासबुकापासून भांगलणीच्या बायकांच्या पगारापर्यंत सगळं दुसऱ्याकडे. पहिले काही आठवडे ते बरोबर होतं. चार महिन्यांनी त्याचा अर्थ त्यांच्यापुरता एकच उरतो, की आपली आता कुणाला गरज नाही. मी बघितलेल्या शेतकरी पुरुषांमध्ये मरणाच्या भीतीइतकंच हे खोल लागलेलं असतं. "काय करालोय मी घरात बसून?" हे वाक्य तुमच्याही कानावर आलं असेल.

सकारात्मक मानसशास्त्रात माणसाची बलस्थानं ओळखून ती रोज नव्या रीतीनं वापरायला लावतात. त्यासाठी इंग्रजी प्रश्नावली आहे, तुम्हाला ती नको. तुम्ही एवढंच शोधा: अटॅकआधी गावातली माणसं त्यांच्याकडे कशासाठी यायची? बियाणं निवडायला? बांधाचा तंटा मिटवायला? बैल पारखायला? पखवाजाचा हात शिकायला? ते जे असेल ते, बसून करता येईल अशा रूपात त्यांच्याकडे परत द्या. आणि ते काम खरं असलं पाहिजे. मन रमवायला दिलेलं खोटं काम म्हातारी माणसं लगेच ओळखतात. धूळवाफ पेरणीला कुठल्या शेतात कुठलं भात टाकायचं हा निर्णय त्यांचा ठेवा, आणि ते म्हणतील ते तुम्हाला पटलं नाही तरी एखाद्या तुकड्यात करून बघा. गल्लीतलं एखादं पोर पखवाज शिकायला पाठवा. पखवाज वाजवायला खांदे-दंड चांगलेच लागतात, म्हणून स्वतः किती वेळ वाजवायचा ते डॉक्टरांना विचारा. शिकवायला मात्र तोंडानं बोल सांगितले तरी चालतात. भजनी मंडळींना "या बघायला" असं न सांगता "सोमवारी भजन आमच्या सोप्यात करूया" असं सांगा. मग उठून बसण्यासाठी कुणी विनवण्या कराव्या लागणार नाहीत.

चालणं यालाच बांधायचं. 'आरोग्यासाठी वीस मिनिटं चाला' हे खेड्यातल्या माणसाला वेडेपणाचं वाटतं, आयुष्यभर तो कामाशिवाय चाललेलाच नसतो. त्याला जायला ठिकाण लागतं. सकाळी डेअरीपर्यंत. कॅन नातवाच्या हातात, पण लिटर आणि फॅट लिहून घ्यायचं काम आजोबांचं. डेअरी लांब असेल तर आधी देवळापर्यंत. डॉक्टरांनी हिंडा म्हटलंय, तेव्हा सपाट रस्त्यावर पाच-दहा मिनिटांपासून सुरू करा आणि दर आठवड्याला थोडं वाढवत अर्ध्या तासापर्यंत न्या. वेग किती, हे भजनी माणसाला सांगणं सोपं आहे: चालताना बोलता आलं पाहिजे, पण अभंग म्हणता येऊ नये. अभंगही म्हणता येत असेल तर जरा वेग वाढवा, बोलतानाच धाप लागली तर थांबा. जेवल्यावर लगेच नको, भर उन्हात नको. आणि तुमच्या भागातला पावसाळा म्हणजे चिखल आणि शेवाळ, तेव्हा देवळाच्या मंडपात फेऱ्या मारल्या तरी चालतील. बायपास झालेल्यांना छातीचं हाड जुळेपर्यंत, साधारण दोन-तीन महिने, वजन उचलण्याची वेगळी पथ्यं असतात. तुमच्याकडे तो प्रश्न नाही.

वहीऐवजी जेवणाची वेळ वापरा. 'तीन चांगल्या गोष्टी' हा व्यायाम २००५ मध्ये सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी तपासला होता. मूळ व्यायामात दोन भाग आहेत: आज काय चांगलं झालं, आणि ते का झालं. मोबाईलवरच्या व्हिडिओंत दुसरा भाग बहुतेक गळून पडलेला असतो, आणि खरं काम तोच करतो. रात्री ताटावर सगळ्यांनीच एकेक सांगायचं, नुसतं आजोबांना परीक्षेला बसवायचं नाही. नात म्हणेल, कन्नडच्या पेपरात चांगले मार्क पडले. का पडले? ते म्हणतील, डेअरीपर्यंत गेलो, दम लागला नाही. का नाही लागला? "काल थांबत थांबत गेलतो म्हणून." हे उत्तर त्यांच्या तोंडून आलं की आजच्या दिवसात आपला हात होता हे त्यांनीच कबूल केलेलं असतं. एखाद्या दिवशी "काही चांगलं नाही झालं" म्हणाले तर तेही ऐकून घ्या आणि भात वाढा.

कृतज्ञतेबद्दल अजून थोडं, कारण इथे आपल्या घरांमध्ये एक गुंता आहे. उपचाराला पैसे कुठून आले? सोसायटीचं कर्ज, सुनेचे दागिने, जावयाकडून उसने? ज्या बापानं कधी पोरासमोर हात पसरला नाही, त्याला "सगळ्यांनी तुमच्यासाठी किती केलं, ते लिहा" म्हटलं की त्याला ती देण्याची यादी वाटते. आभार मानता मानता तो स्वतःला भार समजायला लागतो. वही कोनाड्यात का गेली असेल याचा माझा अंदाज हाच आहे. म्हणून उलट दिशेनं जा, त्यांना घेणाऱ्याच्या जागेवरून देणाऱ्याच्या जागेवर बसवा. त्या रात्री ज्या शेजाऱ्यानं गाडी काढून बेळगाव गाठलं, त्याच्या घरी ते स्वतः नव्या तांदळाची पिशवी किंवा परसातली भाजी घेऊन जाऊ देत. तोंडानं काही म्हणायची गरज नाही, आपल्याकडचे पुरुष ते म्हणत नाहीत आणि समोरच्यालाही त्याविना कळतं. गावात किंवा पाहुण्यांत नुकता कुणाला स्टेंट बसला असेल तर त्याला भेटायला यांनाच पाठवा. चार महिने पुढे गेलेल्या माणसाचा शब्द त्याला माझ्यापेक्षा जास्त पटतो.

रात्रीच्या नाडीला मात्र चांगल्या गोष्टी मोजण्याचा उपयोग नाही, ती निव्वळ भीती आहे. २०२१ मध्ये कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार ४६ व्या वर्षी हार्ट अटॅकनं गेले तेव्हा कर्नाटकात तरुण मुलंसुद्धा छाती तपासून घ्यायला रांगा लावत होती. तुमच्या सासऱ्यांनी तर ते दुखणं अंगावर सोसलंय. प्रत्येक वेळी तुम्ही नाडी बघून "ठीक आहे" म्हणता, अर्धा तास बरं वाटतं, आणि मग पुन्हा बघावीशी वाटते. त्यापेक्षा दिवसा, सगळ्यांच्या देखत ठरवा: बीपी आणि नाडी सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, कॅलेंडरवर लिहायची. रात्री धडधड वाटली तर उठून बसायचं, पाणी प्यायचं, सावकाश लांब श्वास सोडायचा, नाडी बघायची नाही. पण छातीवर दाबल्यासारखं वाटणं, ते हात-जबड्याकडे जाणं, दरदरून घाम, धाप, यातलं काही असेल तर वाट बघायची नाही. डॉक्टरांनी जिभेखालची गोळी दिलेली असेल तर बसवूनच ती द्यायची आणि पाच मिनिटांत आराम पडला नाही तर १०८. गोळी दिलेली नसेल तर लगेच १०८. तालुका रुग्णालयांत ईसीजी काढून तो हृदयतज्ज्ञांना लांबून दाखवायची पुनीत राजकुमार हृदयज्योती योजना आहे, तुमच्या जवळच्या रुग्णालयात ती चालू आहे का ते आत्ताच जाऊन बघून या. गाडी कुणाची, कुठे जायचं, फाईल कुठे आहे, हे सगळं त्यांच्यासमोर ठरलेलं असलं की रात्र हलकी जाते.

समुपदेशकाकडे न्याल तेव्हा मराठीत बोलणारा मागा. बाजारापुरतं, कचेरीपुरतं कन्नड त्यांना येत असेल, पण मरणाची भीती माणूस शिकलेल्या भाषेत सांगत नाही. बेळगावातल्या दवाखान्यांत दोन्ही भाषा बोलणारी माणसं भरपूर असतात, मागितलं की मिळतात. आणखी एक गोष्ट, जी तुम्ही विचारणं बरं दिसणार नाही आणि तुमच्या नवऱ्यालाही जड जाईल: नवरा-बायकोच्या संबंधांबद्दलची भीती. साठीतली जोडपी ती मनातच ठेवतात. दोन जिने दम न लागता चढता येत असतील तर बहुतेकांना हरकत नसते, पण छातीदुखीची नायट्रेटची गोळी चालू असताना ताकदीच्या म्हणून मिळणाऱ्या गोळ्या जिवावर बेतू शकतात. डॉक्टरांना आधी फोन करून सांगा की हा विषय तुम्हीच काढा.

दोन-तीन आठवड्यांत थोडी तरी हालचाल दिसायला हवी. या पद्धतीचे बरेच कार्यक्रम आठ आठवड्यांचे असतात, तेवढा धीर धरा. सुधारणा गोड चेहऱ्यानं येईलच असं नाही. "बी कुणी असं ठेवलंय?" म्हणून ते खेकसले तर मी ती चांगली खूण मानेन. काहीच हललं नाही, झोप-भूक गेली, तर पुन्हा वरचे दोन प्रश्न आणि डॉक्टर.

राहिली दिंडी. "यंदा चुकली" म्हणतात म्हणजे पुढच्या वर्षीचा विचार मनात कुठेतरी आहे. तुमच्या सगळ्या पत्रातली मला सर्वांत आश्वासक वाटलेली ओळ ही. त्यावर "आता कुठली दिंडी, जीव सांभाळा" असं कुणी म्हणू नये, आणि "जाल हो नक्की" असं खोटंही नको. विचारा, "जायचं तर काय काय लागेल?" आशा बांधायची ती अशी, जायचं ठिकाण आणि तिथवरच्या वाटा. देऊळ, मग डेअरी, मग शेजारचा गाव. गोळ्या एकही न चुकता. मधल्या काळात डॉक्टरांना वाटलं तर इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि ट्रेडमिल चाचणी. चाचणीत जमलं नाही तर दुसरी वाट: सोबत गाडी ठेवून रोज थोडं अंतर चालायचं, किंवा शेवटचा टप्पा तेवढा. पुढच्या तपासणीला ते स्वतःच डॉक्टरांना विचारू देत, "मला पंढरपूरला चालत जायचंय, काय करू?" तुम्ही फक्त फाईल घेऊन शेजारी बसा.